झेंडा वर, खेळ बंद

जुन्या वहीचा एक कागद घ्या आणि त्याची नळी करा. फार बारीक नको, तुमचा अंगठा आत जाईल एवढी. आता एक डोळा मिटा, नळी दुसऱ्या डोळ्याला लावा आणि घरातून हळूहळू चाला. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर धपाटा बसेल.

काय दिसतं? समोरचं घड्याळ दिसतं. कॅलेंडरवरची तारीखही वाचता येते. म्हणजे नजर उत्तम आहे, असंच तुम्ही म्हणाल. आणि तेवढ्यात गुडघ्याला स्टूल लागतं. ते पहिल्यापासून तिथेच होतं. तुमच्या नळीत मात्र नव्हतं.

आता याच्यापुढची कल्पना करा, ही जरा अवघड आहे. समजा, ही नळी तुम्हाला कुणी एकदम लावलीच नाही. ती वर्षानुवर्षं, केसाकेसाने आवळत आली. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, कडेला काळोखही दिसला नाही. कारण कडेचं दिसेनासं झालं, की आपलं मन तिथे ओळखीचं काहीतरी भरून टाकतं, फाटक्या गोधडीला ठिगळ लावावं तसं. मग नळी लागली आहे हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही स्टुलावरच चिडाल. हे इथं कुणी आणून ठेवलं, असं विचाराल.

कसबा बावड्यातले आबा बरेच दिवस हेच विचारत होते.

आबा म्हणजे क्रांतीचे आजोबा. नोकरी साखर कारखान्यात फिटरची झाली, पण बावड्यात त्यांना त्यासाठी कुणी ओळखत नाही. ओळखतात ते लाइनमन म्हणून. विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन नव्हे, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळणारा. कोल्हापुरात फुटबॉलवरून पेठापेठांत काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. अशा सामन्यांत आबांनी उमेदीची सगळी वर्षं ऑफसाइड धरली.

ज्यांना ऑफसाइड कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या गड्याने बॉल पुढे मारला, त्या क्षणी जर तुम्ही समोरच्या संघाचा शेवटचा बचावाचा गडी ओलांडून गोलच्या तोंडाशी आधीच जाऊन उभे असाल, तर ती चोरी. अडचण अशी, की बॉल मारला जातो एकीकडे आणि चोर उभा असतो भलतीकडे. लाइनमनला दोन्ही जागा एकाच क्षणी दिसाव्या लागतात.

हे कसं जमतं, असं क्रांतीने लहानपणी विचारलं होतं. तेव्हा आबा म्हणाले होते, “एकदा बॉलवर आन एकदा माणसावर, असं डोळं फिरवत बसलीस की गेलीस. नजर मधी ठेवायची आन कडंनं धरायचं. डोळ्याला कड असती, क्रांते. सगळी गंमत कडंला असती.”

निवृत्त झाल्यावरही झेंडा सुटला नाही. नव्या कॉलनीच्या मागे, उसाच्या फडाला लागून एक मोकळी जागा आहे. तिथे दर रविवारी दुपार कलली की पोरापोरींचा सामना चालायचा आणि आबा लाइन धरायचे. झेंडा म्हणजे बांबूच्या काठीला बांधलेला पिवळ्या ओढणीचा तुकडा. मैदानाचे नियम आबांनीच घातलेले, आणि ते दोनच. पहिला, झेंडा वर असला की खेळ बंद. तो खाली येईपर्यंत बॉलला कुणी पाय लावायचा नाही. दुसरा, लाइनमनशी वाद घालायचा नाही.

क्रांती सहावीत होती आणि कडेने पळण्यात पटाईत होती. आबांच्या डाव्या हाताला, मैदानाच्या अगदी काठाने ती बॉल घेऊन सुटायची, आणि पाठोपाठ आबांची हाळी यायची, “सोडू नगंस!” त्या हाळीवर तिचे पाय चालायचे.

त्या हिवाळ्यात हाळी यायची थांबली. आबा मैदानात असायचे, झेंडा हातात असायचा, पण ती डावीकडून सुटली की ते गप्प. पहिल्यांदा तिला वाटलं, आपला खेळ बिघडला. मग एका रविवारी राजवीर नावाच्या पोराने गोलच्या तोंडाशी उभं राहून, आरामात कंबर खाजवत, बॉल येण्याची वाट पाहिली आणि तो आत ढकलला. इतकी उघड ऑफसाइड, की फडाच्या बांधावर बसलेली बारकी पोरंसुद्धा ओरडली. आबांचा झेंडा खालीच. क्रांतीचा संघ हरला. घरी जाताना एक पोरगा म्हणाला, की राजवीरच्या वडिलांची चहाची गाडी आहे आणि आबा तिथे रोज फुकट चहा पितात. आबांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. क्रांतीने त्या पोराला ढकललं, तिलाही ढकललं गेलं, आणि ती सोललेलं कोपर घेऊन घरी आली.

आबा चोरी करणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. मग उरतं काय? आबांना दिसलं नाही, एवढंच.

त्यानंतर ती आबांकडे नीट बघायला लागली. जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या रोज कलंडायचा. आई, म्हणजे प्रीती, गुपचूप पुसून घ्यायची आणि तांब्या उजवीकडे सरकवायची. दाराच्या चौकटीला आबांचा खांदा लागायचा. सकाळी मात्र तेच आबा पेपरातली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायचे, आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर काय लिहिलंय ते सांगायचे. माझी नजर बघा, असं वर म्हणायचे.

खरी भीती वाटली ती गाडीवर. आबांची एक जुनी एमएटी दुचाकी होती. डेअरीला दूध घालून आले की त्याच गाडीवर ते क्रांतीला शाळेत सोडायचे. गळिताचा हंगाम चालू होता. कारखान्याच्या रस्त्यावर डावीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. मागे बसलेल्या क्रांतीला तो केव्हाचा दिसत होता. आबा सरळ पुढे निघाले. तिने किंचाळून त्यांचा सदरा ओढला तेव्हा गाडी थांबली, आणि उसाची लोंबती वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, तिच्या गुडघ्याला घासून गेली. आबांनी ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न न वाजवल्याबद्दल फैलावर घेतलं. तो बिचारा हॉर्न वाजवतच आला होता. आबांना तो ऐकू आला होता, पण समोर काहीच नसल्यामुळे तो दुसऱ्या कुणासाठी असेल असं त्यांना वाटलं होतं.

संध्याकाळी पिराजी आला. हा आबांचा कारखान्यातला जोडीदार, सगळ्या विषयांतला जाणकार. जयभीम झाला, चहा झाला, ट्रॅक्टरची गोष्ट झाली. प्रीती म्हणाली की डोळे दाखवून घ्यावेत. पिराजीने हात झटकला.

“मोतीबिंदू आला असंल. वयच हाय त्ये. पर आत्ताच जाऊ नगासा आबा, कच्चा बिंदू डाक्टर काढत न्हाईत. पिकू द्यायचा. पिकला की एका दिवसात काम हुतंय.”

आबांना हे पटलं. फळ झाडावर पिकतं, तसा बिंदू डोळ्यात पिकतो. घाई केली तर कच्चाच हातात येतो. तेव्हापासून घरात कुणी डोळ्यांचं नाव काढलं की आबांचं उत्तर ठरलेलं असायचं, “पिकू दे.”

पुढे काही दिवसांनी क्रांतीच्या शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. त्रिशला नावाच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. फळ्यावरच्या तक्त्यातल्या खालच्या ओळी क्रांतीला पुसट दिसल्या, आणि तिला चष्म्याचा नंबर निघाला. फळा नीट दिसावा म्हणून ती पहिल्या बाकावर जाऊन बसत होती, ते अभ्यासाच्या आवडीने नव्हे हे तिलाही तेव्हाच कळलं. डॉक्टरबाईंनी मुलांना बरंच सांगितलं. मोबाइल नाकाला लावून बघू नका. रोज उन्हात, मोकळ्यावर खेळा, डोळ्यांना लांबचं बघायची सवय हवी. डोळे आले तर चोळू नका, आणि घरातला टॉवेल सगळ्यांनी वापरू नका, नाहीतर एकाचे सगळ्यांना येतात. डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, त्यात मध, दूध, काजळ असलं काही घालू नका.

मग त्या म्हणाल्या, “तक्त्यावरची अक्षरं वाचली म्हणजे सगळी नजर चांगली, असं मात्र नाही. तक्ता फक्त मधलं बघतो. कडेचं बघायला एक खेळ आहे.” आणि त्यांनी दोघादोघांना समोरासमोर बसवून तो खेळ शिकवला.

कडेचं, हा शब्द ऐकल्यावर क्रांतीने तो खेळ नीट शिकून घेतला.

नवा चष्मा लावून ती घरी आली तेव्हा गल्लीत दोघांनी चष्मिस म्हणून चिडवलं. आबांनी तिला आत बोलावलं आणि भिंतीवरच्या, निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट दाखवलं. त्या डोळ्यांवरही चष्मा होता. आबा एवढंच म्हणाले, की त्यांना चष्मिस म्हणायची कुणाची छाती झाली होती का ते विचारून ये. क्रांती हसली. मग म्हणाली, “आता माझा एक खेळ खेळा.”

तिने आबांना कॉटवर बसवलं आणि समोर स्टूल घेतलं. आबांनी उजवा डोळा तळहाताने झाकायचा, तिने स्वतःचा डावा झाकायचा, आणि दोघांनी एकमेकांच्या नाकाकडे बघत राहायचं. नजर हलवायची नाही. मग तिने आपला मोकळा हात कडेला लांब नेला, बोटं हलवत हळूहळू मध्ये आणली. दिसली की सांगायचं, एवढाच खेळ. तिला स्वतःला बोटं लगेच दिसली. आबा गप्प. हात अर्ध्यावर आला, आबा गप्प. बोटं जवळजवळ तिच्या कानाशी आली तेव्हा आबा म्हणाले, “हां, दिसली. आता हलव की.”

ती केव्हाची हलवत होती.

दुसऱ्या सकाळी आबांनी एमएटी चालू केली आणि हाक मारली. क्रांती दप्तर घेऊन बाहेर आली, गाडीला वळसा घालून पुढे चालायला लागली.

“कुठं गं?”

“मी चालत जातो,” क्रांती म्हणाली. कोल्हापुरात मुलीही जातो, येतो असंच म्हणतात. “तुमाला डावीकडचं दिसत न्हाई. डोळं दाखवल्याबिगर मी गाडीवर बसणार न्हाई.”

आबांचा चेहरा उतरला आणि मग तापला. उभ्या गल्लीत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. प्रीतीने लेकीला दटावलं, पण तिचा आवाज दटावण्याचा नव्हता. क्रांती चालत राहिली. आबा हट्टाने तिच्या मागोमाग गाडी नेऊ लागले, पहिल्या गिअरमध्ये, घरघर करत. पुढे पोरगी ताठ मानेने, मागे म्हातारा धूर काढत. शाळेच्या फाटकापर्यंत ही वरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली. चहाच्या गाडीवर लोक विचारायला लागले, “काय आबा, नातीला एस्कॉर्ट काय?” लोकांच्या हसण्याने आबा थकले. शेवटी म्हणाले, चला तुमच्या डॉक्टरकडं. बिंदू पिकला असला तर आजच काढून टाका म्हणावं, एकदाची कटकट जाऊ दे.

डॉक्टर त्रिशलांच्या दवाखान्यात बराच वेळ गेला. डोळ्यात थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आतली नस बघितली, दाब मोजला. मग आबांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आबा खूश झाले, हे तर लाइनमनचंच काम. बाहेर येऊन म्हणाले, एकसुद्धा सोडला नाही. डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. मधला भाग उजळ होता. कडेला, विशेषतः डाव्या डोळ्याच्या, काळं पसरलं होतं. तिथेही दिवे लागले होते. बटण दाबलं गेलं नव्हतं.

“मशीनच ऑफसाइड हाय तुमचं,” आबा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांनी विषय सोडला नाही. थोडा मोतीबिंदू आहे, पण त्रास त्याचा नाही, हा काचबिंदू आहे, असं त्यांनी सांगितलं. आबांना फरक कळला नाही. बिंदू तो बिंदू. पिकला की काढा.

“आबा, तुम्ही कारखान्यात काय होतात?”

“फिटर. बॉयलर सेक्शन.”

“मग तुम्हाला मी काय सांगणार? मोतीबिंदू म्हणजे खिडकीची काच धुरकट होणं. काच बदलली की दिसतं. आणि तोही हल्ली पिकेपर्यंत थांबवत नाहीत. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निघून जातं. तुमच्या डोळ्यात ते नीट निघत नाही. आत प्रेशर वाढतं आणि मागची नस दाबून मरते. बॉयलरचं प्रेशर वाढलं, तर ते पिकायची वाट बघत होतात का?”

आबांनी नाही अशी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, की गेलं आहे ते केव्हा परत येईल. डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. मेलेली नस परत येत नाही, गेलेली कड गेली. पण उरलेली नजर राखता येते. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, न चुकता, बहुधा कायमचा. डोळा चुरचुरला तर येऊन सांगायचं, औषध बदलता येतं, पण आपल्या मनाने थांबवायचं नाही. आणि गाडी बंद. हे दुखणं घराण्यात उतरतं, म्हणून आबांच्या मुलानेही, म्हणजे क्रांतीच्या वडिलांनी, अतुलने, लवकर डोळे तपासून घ्यावेत, असं त्यांनी बजावलं. अतुल बिद्रीच्या कारखान्यात कामाला होता, चाळिशी ओलांडलेला.

थेंब कसा टाकायचा ते क्रांतीने नीट बघून घेतलं. हात धुवायचे. मान मागे, खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचं टोक कशाला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं.

आबांनी एमएटीची किल्ली प्रीतीच्या हातात दिली आणि थेंब सुरू झाले. घरात सगळ्यांना वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. थेंब टाकला की डोळा चुरचुरायचा, आणि नंतर डोळे उघडावेत तर दिसायचं पूर्वीइतकंच. पिराजी म्हणाला, औषध लागू पडत नाही, उगाच काय घालता. आबांना ते बरं वाटलं. ते रोज बाटली घेऊन आतल्या खोलीत जायचे, थोडा वेळ बसायचे आणि तशीच परत आणून ठेवायचे. क्रांती विचारायला गेली की घोरायला लागायचे.

एका रविवारी सामन्याला निघताना क्रांती शोकेसमध्ये रुमाल शोधत होती. तिच्या हाताला बाटली लागली. एव्हाना ती संपायला हवी होती. तिने कानाशी नेऊन हलवली तर आतलं औषध डुचमळत होतं. प्रीतीने आणून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीचं सीलसुद्धा फुटलं नव्हतं. मग अर्धवट बाटली तिने चड्डीच्या खिशात टाकली आणि मैदानावर गेली.

आबा आधीच लाइनवर उभे होते. राजवीर त्यांना म्हणत होता, की आबा तुम्ही आता खुर्ची टाकून बसा, झेंडा आम्ही धरतो. आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सामना सुरू झाला. क्रांतीला बॉल मिळाला, आबांच्या डाव्या बाजूने ती काठाकाठाने सुटली, समोर मैदान मोकळं होतं. हाळी आली नाही. आबा मैदानाच्या मध्याकडे बघत उभे होते, जिथे आता कुणीच नव्हतं.

क्रांतीने बॉल पायाखाली थांबवला. पाठून राजवीर आला, बॉल काढून घेऊन गेला, तिने जाऊ दिला. ती सरळ आबांकडे चालत गेली, त्यांच्या हातातला झेंडा घेतला आणि वर केला.

सवयीने सगळे जागच्या जागी थांबले. राजवीरचा पाय बॉलवर जायचा तो हवेतच राहिला.

“कुणाची ऑफसाइड?” त्याने ओरडून विचारलं.

“आबांची.”

बांधावरची बारकी पोरं खिदळली. आबांनी हात पुढे केला.

“झेंडा दे हिकडं.”

“लाइनमनशी वाद घालायचा न्हाई. तुमीच सांगितलंय.”

“क्रांते, घरी बोलू.”

“घरी तुमी घोरता.” तिने मोकळ्या हाताने बाटली काढून त्यांच्यापुढे धरली, अगदी समोर, जिथे त्यांना दिसत होतं तिथे. “ही का संपली न्हाई?”

पोरं आता हसत नव्हती. आबा बाटलीकडे बघत राहिले. इतके दिवस घरात कुणालाही जे सांगितलं नव्हतं, ते त्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या तोंडून निघालं.

“गेलेलं परत येत न्हाई म्हणाल्या बाई. मग घालून काय उपेग? रोज डोळ्यात आग घालून घ्यायची, आन दिसायचं हाय तेवढंच.”

“हाय तेवढंच ऱ्हाईल, म्हणूनच घालायचं,” क्रांती म्हणाली. “तीन गोल बसले म्हणून गोलकीपर हातमोजं काढून घरला जातो काय?”

आबांनी मान फिरवली.

“आग हुत असंल तर बाईंना सांगू, दुसरं देतील. पर तुमचं तुमी बंद करायचं न्हाई. मी डावीकडनं पळतो, आबा. डावीकडनं तर मी तुमाला कवाच गेलो. आता मधनं बी मला घालवता काय?”

झेंडा वर होता. मैदानाच्या नियमाप्रमाणे कुणी हललं नाही, राजवीरसुद्धा नाही. क्रांतीचा हात दुखायला लागला असणार, पण कोपर वाकलं नव्हतं.

आबांनी एकदा झेंड्याकडे बघितलं. तो नियम त्यांचा होता. त्यांनी आयुष्यभर मोठमोठ्या खेळाडूंना त्या नियमापुढे मान खाली घालायला लावली होती. ते मागे सरले, बांधावर बसले, मान मागे टाकली आणि स्वतःच्याच बोटाने खालची पापणी ओढली.

“घाल,” ते म्हणाले.

क्रांतीने राजवीरला जवळ बोलावून औषधाची बाटली त्याच्या हातात दिली. पाण्याच्या बाटलीतून तिच्या मोकळ्या हातावर पाणी ओतायला लावलं, हात शर्टाला न पुसता तसाच हवेत वाळवला, आणि औषधाची बाटली त्याच्याकडून उघडून घेतली. टोकाला बोट लावू नकोस, असं त्याला दरडावलंही. मग ती आबांवर वाकली आणि एक थेंब टाकला. आबांचा चेहरा आकसला. त्यांनी डोळा मिटला, आणि कुणी न सांगता नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला.

“झालं की,” मिटल्या डोळ्याने ते म्हणाले. “आता तरी झेंडा खाली घे. पोरं खोळंबल्यात.”

क्रांतीने झेंडा जरासाही खाली केला नाही.

“दुसरा डोळा,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.